मूल्यांची तुलना : पाऊणशे वर्षांचा शोध

माणसे कशाला मोल देतात, कशासाठी झिजतात आणि कशाचा धिक्कार करतात, याविषयी फार पूर्वीपासून लिहिले गेले आहे. मात्र परक्या समाजांविषयी असे लिहिणारे बहुधा प्रवासी, धर्मप्रसारक, वसाहतींतील अधिकारी किंवा तत्त्वचिंतक असत, आणि ज्या लोकांविषयी ते लिहीत त्यांनाच पद्धतशीरपणे विचारण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन १९३० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक लोकांची उत्तरे गोळा करूनही चुकीचे भाकीत केले, तर जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या, पण समाजातील निरनिराळ्या थरांचे प्रमाण सांभाळून निवडलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर वर्तवला. मोजक्या माणसांच्या उत्तरांवरून संपूर्ण देशाचा कौल सांगता येतो हे त्यामुळे लोकांना पटले, आणि हेच तंत्र देशांच्या सीमा ओलांडून वापरता येईल काय हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

त्या प्रश्नाला निकड आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. एक अख्खी पिढी युद्धात होरपळल्यानंतर नव्याने स्थापन झालेल्या युनेस्कोने राष्ट्राराष्ट्रांतील तणावांची मुळे शोधण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याच कार्यक्रमात १९४८ मध्ये नऊ देशांतील लोकांना एकच प्रश्नावली देण्यात आली. कष्टाळू, शूर, क्रूर, मागासलेले, शांतताप्रिय अशी बारा विशेषणे पुढे ठेवून, त्यांतील कोणती आपल्या देशाला आणि कोणती इतर देशांना लागू पडतात, असे त्यात विचारले होते. विल्यम ब्युकॅनन आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९५३ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक देशाला स्वतः शांतताप्रिय असल्याचे वाटत होते, आणि परक्यांविषयीच्या कल्पना प्रत्यक्ष परिचयापेक्षा त्या वेळच्या राजकीय मैत्री-वैरावर अधिक अवलंबून होत्या. पहिल्याच मोठ्या प्रयोगातून मिळालेला हा धडा मोलाचा होता, कारण लोकांची उत्तरे हा त्यांच्या मनाचा आरसा असतोच असे नाही, त्या क्षणीच्या परिस्थितीचाही रंग त्यांत उतरतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

प्रिन्स्टन येथील मानसशास्त्रज्ञ कॅन्ट्रिल यांना या पद्धतीतील आणखी एक दोष खटकला होता. विशेषणांची यादी संशोधकाची, त्यांचा अर्थ संशोधकाचा, आणि उत्तर देणाऱ्याने मात्र त्यातून केवळ निवड करायची, अशा रचनेत माणसाला स्वतःची कसोटी सांगायला जागाच उरत नव्हती. त्यांनी काढलेला तोडगा या साऱ्या इतिहासातील कदाचित सर्वांत सुंदर युक्ती ठरेल. मुलाखत घेणारा प्रथम समोरच्या व्यक्तीला तिच्या आशा-आकांक्षा विचारी, सर्वांत चांगले आयुष्य तिच्या दृष्टीने कसे असेल ते तिच्याच शब्दांत लिहून घेई, मग तिच्या चिंता आणि भीती विचारून सर्वांत वाईट आयुष्याचे वर्णन घेई, आणि त्यानंतरच एका शिडीचे चित्र पुढे ठेवी. शिडीचा माथा म्हणजे तिनेच वर्णिलेले उत्तम आयुष्य, पायथा म्हणजे तिनेच वर्णिलेले वाईट आयुष्य, आणि पायऱ्यांना शून्य ते दहा असे क्रमांक. आज आपण कोणत्या पायरीवर आहोत, पाच वर्षांपूर्वी कोठे होतो आणि पाच वर्षांनी कोठे असू, हे तिने सांगायचे. या पद्धतीत आकडे सर्वांचे एकाच पट्टीवर येत, तरी पट्टीची दोन्ही टोके ज्याची त्याने ठरवलेली असत.

१९६० च्या आगेमागे भारतासह तेरा-चौदा देशांत ही शिडी फिरली आणि १९६५ मध्ये कॅन्ट्रिल यांचा 'द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकी लोकांनी स्वतःला सरासरी ६.६ व्या पायरीवर ठेवले, भारतीयांनी ३.७ वर, आणि राफाएल त्रुहियो या हुकूमशहाच्या हत्येनंतरच्या अस्थिर काळातून जाणाऱ्या डोमिनिकन प्रजासत्ताकातील लोकांनी १.६ वर. आकड्यांपेक्षा महत्त्वाची होती ती त्यांच्या आधी नोंदलेली वर्णने, कारण ३.७ या आकड्यामागे पोटभर अन्न, थोडी जमीन, पक्के घर आणि मुलांचे शिक्षण एवढीच 'उत्तम आयुष्याची' कल्पना असणारी माणसे होती, तर ६.६ मागे यातील बरेचसे आधीच हाती असलेली माणसे होती. आज जागतिक आनंद अहवालात देशांची जी क्रमवारी दरवर्षी गाजते ती याच शिडीवर आधारलेली आहे. परंतु त्या अहवालाचे आकडे जिच्यातून येतात त्या गॅलप संस्थेच्या जागतिक पाहणीत शिडीचा प्रश्न थेट विचारला जातो, त्याआधीचा आशा आणि भीतींविषयीचा संवाद गळून गेला आहे. शंभराहून अधिक देशांत दरवर्षी विचारायचे म्हणजे प्रश्न आटोपशीर हवा हे खरे, तरीही या काटछाटीत कॅन्ट्रिल यांच्या पद्धतीचा प्राणच हरवला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कॅन्ट्रिल यांचे काम चालले होते त्या १९५० आणि १९६० च्या दशकांत इतर प्रयत्नही चालू होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या मानवशास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोतील एकाच परिसरात राहणाऱ्या झुनी, नाव्हाहो, स्पॅनिश भाषक, मॉर्मन आणि टेक्सासहून आलेले शेतकरी अशा पाच समूहांचा अभ्यास केला. गॅब्रिएल आमंड आणि सिडनी व्हर्बा यांनी पाच देशांतील नागरी वृत्तीवर १९६३ मध्ये ग्रंथ लिहिला. ॲलेक्स इंकल्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी सहा विकसनशील देशांतील सुमारे सहा हजार तरुण पुरुषांच्या मुलाखतींवरून 'आधुनिक' मनोवृत्तीची मोजपट्टी तयार केली, आणि त्यातील भारतीय भाग तेव्हाच्या बिहारमधील रांची परिसरात पार पडला. कारखाना हीच आधुनिकतेची शाळा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आधुनिक म्हणजे काय हे मात्र त्या मुलाखती सुरू होण्यापूर्वीच हार्वर्डमध्ये ठरलेले होते.

मूल्यांच्या तुलनेला राजकीय वजन मिळवून दिले ते मिशिगन विद्यापीठाच्या रोनाल्ड इंगलहार्ट यांनी. १९६८ च्या विद्यार्थी उठावांनी पश्चिम युरोप हादरला होता आणि पोटापाण्याची ददात नसलेली मुले रस्त्यावर का उतरली, याचे उत्तर जुन्या वर्गसंघर्षाच्या चौकटीत नीट बसत नव्हते. इंगलहार्ट यांनी १९७० मध्ये सहा देशांत एक साधा प्रश्न विचारला: देशात सुव्यवस्था राखणे, सरकारी निर्णयांत लोकांना अधिक वाव देणे, वाढत्या किमती रोखणे आणि भाषणस्वातंत्र्य जपणे, या चार उद्दिष्टांपैकी सर्वांत महत्त्वाची दोन कोणती? सुव्यवस्था आणि किमती निवडणाऱ्यांना त्यांनी 'भौतिकवादी' म्हटले, लोकांचा वाव आणि भाषणस्वातंत्र्य निवडणाऱ्यांना 'उत्तर-भौतिकवादी', आणि उरलेल्यांना संमिश्र. वृद्धांमध्ये पहिला गट दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा निघाला, तर अगदी तरुणांमध्ये दुसऱ्या गटाने पहिल्याला गाठले होते.

यावर इंगलहार्ट यांनी उभारलेली उपपत्ती दोन गृहीतांवर बेतलेली होती. माणूस ज्या गोष्टीची टंचाई भोगतो तिला अधिक मोल देतो, हे पहिले. आणि ही मोलाची जाणीव पोरवयात व उमलत्या तारुण्यात घट्ट होते व पुढे सहसा पालटत नाही, हे दुसरे. दोन महायुद्धे, मंदी आणि उपासमार पाहिलेली पिढी सुरक्षितता मागणार, आणि युद्धोत्तर भरभराटीत वाढलेली पिढी स्वातंत्र्य व सहभाग मागणार. जुनी पिढी काळाच्या पडद्याआड जाईल तसतशी समाजाची मूल्ये गाजावाजा न होता बदलत जातील. म्हणूनच १९७७ मधील त्यांच्या ग्रंथाचे नाव 'द सायलेंट रेव्होल्यूशन' असे आहे.

आक्षेप तत्काळ आला आणि तो रास्त होता. तरुण नेहमीच बंडखोर असतात, वय वाढले की तेही सुव्यवस्था मागू लागतील. मग याला क्रांती का म्हणावे? एकाच वेळी केलेल्या पाहणीतून या शंकेचे निरसन होणे अशक्य होते, कारण वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम तिच्यात एकजीव झालेले असतात. सुदैवाने १९७० च्या दशकाच्या आरंभी युरोपीय समुदायाने 'युरोबॅरोमीटर' ही नियमित पाहणी सुरू केली होती आणि तिच्यात हा चार पर्यायांचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्यामुळे एकाच दशकात जन्मलेल्यांचा गट पुढे वीस वर्षांहून अधिक काळ पाहता आला. महागाई भडकली की सर्वच पिढ्यांतील उत्तर-भौतिकवादाचे आलेख खाली येत आणि ती ओसरली की वर जात, पण पिढ्यांमधले अंतर बऱ्याच अंशी टिकून राहिले. वाढत्या वयाबरोबर युद्धोत्तर पिढी जुन्या पिढीसारखी झाली नाही, आणि इंगलहार्ट यांच्या प्रतिपादनातील हा भाग कसाला उतरला.

हॅरल्ड क्लार्क आणि नितीश दत्त यांनी १९९१ मध्ये दाखवलेली त्रुटी अधिक गंभीर होती. चार पर्यायांत आर्थिक चिंतेला वाट देणारा पर्याय एकच, तो म्हणजे किमतींचा. १९८० च्या दशकात महागाई उतरून बेरोजगारी वाढली तेव्हा नोकरीच्या काळजीने पोखरलेल्या माणसाला ती काळजी नोंदवायला जागाच नव्हती, आणि किमतींचा पर्याय सोडून तो दुसरीकडे वळला की आपोआप उत्तर-भौतिकवादाकडे झुकलेला मोजला जाई. मूल्ये बदलल्याचा जो आलेख दिसत होता त्याचा काही भाग प्रश्नाच्या घडणीतून आलेला होता.

याच सुमारास आणखी एक धागा युरोपात विणला जात होता. १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक होत असताना, बेल्जियममधील जेझुइट धर्मशास्त्रज्ञ यान केर्कहोफ्स आणि नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे रूड दे मूर यांच्या पुढाकाराने एक अभ्यासगट जमला होता. युरोपीयांची काही समान मूल्ये आहेत काय, आणि ख्रिस्ती धर्माचा पाया खचत असताना त्याच्या जागी काय येत आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. १९८१ मधील त्यांच्या पाहणीत इतर खंडांतील देशही सामील होत गेले, आणि त्यातूनच इंगलहार्ट यांच्या नेतृत्वाखाली 'जागतिक मूल्य सर्वेक्षण' उभे राहिले. बर्लिनची भिंत कोसळल्यावर पूर्व युरोपाचे दरवाजे उघडले, १९९० च्या फेरीत भारतही आला, आणि दर काही वर्षांनी नवी फेरी होऊ लागली. वेन बेकर यांच्याबरोबर २००० मध्ये लिहिलेल्या निबंधात इंगलहार्ट यांनी ६५ समाज एका नकाशावर मांडले, ज्याचा एक अक्ष पारंपरिक ते ऐहिक-विवेकनिष्ठ आणि दुसरा तगून राहण्याच्या चिंतेपासून आत्माविष्कारापर्यंत जात होता. आर्थिक विकासाने मूल्ये सरकतात, पण प्रोटेस्टंट, कॅथलिक, कन्फ्यूशियन किंवा इस्लामी वारशाची छाप पुसली जात नाही, असे त्यांनी त्यावरून मांडले.

मोजमापाची आणखी एक वाट उद्योगजगतातून आली. डच संशोधक खेर्ट हॉफस्टेड यांना आयबीएम कंपनीच्या जगभरातील कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ मधील एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या हाती लागल्या. कंपनी एक, कामे तीच, शिक्षण साधारण सारखे; तेव्हा उत्तरांत उरणारा फरक राष्ट्रीय संस्कृतीचा मानता येईल, हा त्यांचा तर्क १९८० मधील 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' या ग्रंथात आला. त्यांनी सांगितलेल्या चार परिमाणांपैकी 'सत्ता-अंतर' म्हणजे अधिकारातील विषमता खालच्या लोकांनी कितपत गृहीत धरली आहे याचे माप, आणि त्यात भारताला ७७ गुण मिळाले. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून हा आकडा आजही भारतीय स्वभावाचा पुरावा म्हणून शिकवला जातो. तो मुळात एका अमेरिकी संगणक कंपनीच्या भारतीय नोकरदारांचा होता आणि त्या कंपनीने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

हॉफस्टेड यांच्या प्रश्नावलीची खरी परीक्षा मायकल बाँड यांनी हाँगकाँगमधून घेतली. पाश्चात्त्य प्रश्न पूर्वेकडे नेण्याऐवजी त्यांनी चिनी अभ्यासकांकडून चिनी समाजातील मूलभूत मूल्यांच्या याद्या मागवल्या, त्यांतून चाळीस बाबींची प्रश्नावली रचली आणि ती बावीस देशांतील विद्यार्थ्यांना दिली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हॉफस्टेड यांच्या चारपैकी तीन परिमाणांशी जुळणारी परिमाणे पुन्हा सापडली; अनिश्चितता टाळण्याचे परिमाण मात्र उमटलेच नाही, आणि त्याऐवजी चिकाटी, काटकसर व लाज यांच्याभोवती गुंफलेले एक नवे परिमाण पुढे आले. हॉफस्टेड यांनी ते आपल्या चौकटीत सामावून घेतले, हे त्यांच्या मोकळेपणाचे लक्षण होय. ज्याच्या हाती प्रश्न असतो त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग या क्षेत्रात क्वचितच झाला असेल.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये वीस देशांतील नमुन्यांवरून दहा मूल्यप्रकारांचे वर्तुळ मांडले. शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक आणि समोरासमोरची परस्परविरोधी, जसे सत्ता आणि विश्वबंधुता. त्यांची मूळ प्रश्नावली अमूर्त शब्दांची असल्याने कमी शिकलेल्यांना ती झेपेना, म्हणून त्यांनी पुढे एखाद्या व्यक्तीचे छोटे वर्णन देऊन 'ही व्यक्ती कितपत तुमच्यासारखी आहे' असे विचारणारी पद्धत आणली, आणि तिचेच संक्षिप्त रूप २००२ पासून युरोपीय सामाजिक सर्वेक्षणात वापरले जाते. काही माणसे सगळ्याच गोष्टींना भरभरून गुण देतात, काही हात आखडून. म्हणून श्वार्ट्झ प्रत्येकाच्या उत्तरांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करतात. असे केल्यावर देशोदेशीच्या क्रमवारीत आश्चर्य वाटावे इतके साम्य आढळले: आप्तस्वकीयांची काळजी जवळपास सर्वत्र वरच्या स्थानी आणि सत्तेची हाव तळाशी.

नव्या शतकात मात्र अभ्यासकांना या आकड्यांची पुन्हा तपासणी करावी लागली. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चीन व मेक्सिकोची तुलना प्रसिद्ध केली. सरकारने आपले ऐकावे यासाठी आपल्याला कितपत वाव आहे, या थेट प्रश्नावर चिनी लोकांनी मेक्सिकोच्या लोकांपेक्षा अधिक वाव असल्याचे सांगितले, जरी मेक्सिकोत नुकतेच निवडणुकीने सत्तांतर घडले होते. मग दोन्हीकडे काही काल्पनिक माणसांची वर्णने वाचून दाखवण्यात आली. त्यांत एक होता पिण्याचे स्वच्छ पाणी नसलेला, मत देता न येणारा, सरकारला आपली पर्वा नाही असे वाटून मुकाट्याने सोसणारा माणूस. याला कितपत वाव आहे असे विचारल्यावर बऱ्याच चिनी उत्तरदात्यांनी त्यालाही स्वतःपेक्षा अधिक वाव असल्याचे सांगितले. 'थोडाफार वाव' या शब्दांचे माप दोन्ही देशांत इतके वेगळे होते की, ते जुळवून घेताच क्रम उलटा झाला. विश्वासाच्या प्रश्नाचेही असेच झाले. बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो काय, याला चीनमध्ये मिळणारा भरघोस होकार अनेक वर्षे कोडे बनून राहिला होता. यान डेल्हाय, केनेथ न्यूटन आणि क्रिस्टियान वेल्झेल यांनी २०११ मध्ये दाखवले की, तेथे 'बहुतेक लोक' म्हणताना डोळ्यांपुढे अनोळखी माणसांपेक्षा ओळखीपाळखीचीच माणसे अधिक येतात.

भारतीयांना याचा अनुभव २०१३ मध्ये आला. शेजारी म्हणून कोण नको, या जागतिक मूल्य सर्वेक्षणातील प्रश्नाच्या उत्तरांवरून एका अमेरिकी वृत्तपत्राने वांशिक असहिष्णुतेचा नकाशा छापला आणि ४३.५ टक्के भारतीयांना 'वेगळ्या वंशाचे' शेजारी नको असल्याची बातमी जगभर झाली. याच नकाशातील हाँगकाँगचा अतिशय मोठा आकडा नोंदणीत उलटापालट होऊन आलेला असल्याचे थोड्याच दिवसांत उघड झाले. भारतात जात, धर्म, भाषा आणि प्रांत यांच्या कुंपणांनी घरभाड्यापासून लग्नापर्यंत सारे अडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'वंश' या अमेरिकी कल्पनेखाली यांतले नेमके काय मोजले गेले, हे त्या ४३.५ वरून कुणालाही सांगता येणार नाही.

देशांच्या क्रमवारीपेक्षा एकाच समाजाची काळाच्या ओघातील तुलना अधिक भरवशाची, असे या सगळ्या वाटचालीवरून म्हणावे लागते. कारण तेथे भाषा तीच, प्रश्न तोच आणि पार्श्वभूमीही पुष्कळशी सामायिक असते. जपानच्या सांख्यिकी गणित संस्थेने १९५३ पासून दर पाच वर्षांनी चालवलेली राष्ट्रीय स्वभावाची पाहणी याचा उत्तम दाखला होय. स्वतःचे मूल नसल्यास वंश चालवण्यासाठी, रक्ताचे नाते नसले तरी, दत्तक घ्यावे काय, याला १९५३ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश जपान्यांनी होकार दिला होता. १९९३ मध्ये तो सुमारे पाचव्या हिश्शावर आला. पुढचा जन्म पुरुषाचा हवा असे १९५८ मध्ये सुमारे दोन तृतीयांश जपानी स्त्रिया म्हणत होत्या, आणि चाळीस वर्षांनी जवळपास तितक्याच स्त्रियांना पुन्हा स्त्रीचाच जन्म हवा होता. उत्तर देण्यास तयार होणाऱ्यांचे प्रमाण या काळात बरेच घटले, हे त्या पाहणीचे वैगुण्य आहे. तरीही घराणे आणि स्त्रीचे स्थान या दोन बाबतींत जपान किती बदलला, हे सांगणारा याहून नेमका दस्तऐवज मिळणे कठीण.

भारतात अशा दीर्घ मालिकेच्या जवळ जाणारे काम दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठाने निवडणूक अभ्यासांतून केले आहे. आपल्या मताचा देशाच्या कारभारावर काही परिणाम होतो काय, हा प्रश्न १९७१ मध्ये विचारला गेला तेव्हा निम्म्यांहून थोड्या कमी मतदारांनी 'होय' म्हटले होते. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तो होकार सुमारे ५९ टक्क्यांवर गेला होता. असे आणखी प्रश्न, त्याच शब्दांत, मराठीसह प्रत्येक भारतीय भाषेत दर पाच वर्षांनी विचारत राहणे विद्यापीठांना अशक्य नाही. तोवर, देशांच्या मूल्यांची क्रमवारी वर्तमानपत्रात छापून येईल तेव्हा संपादकांनी आणि वाचकांनी, तो प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत आणि कोणाला विचारला होता, एवढी चौकशी केल्यावाचून त्या आकड्यावर मत बनवू नये.